मुंबईच्या टीआयएफआरमधली पहिली महिला संशोधक, जिच्या नावाचा तारा आज आकाशात आहे

आकाशात एचडी ८६०८१ नावाचा एक तारा आहे. सूर्यापेक्षा थोडा मोठा, थोडा जास्त तापलेला. २००६ मध्ये त्याच्याभोवती फिरणारा एक ग्रह सापडला. ग्रह वजनाने गुरूच्या दीडपट तरी आहे आणि ताऱ्याला इतका चिकटून फिरतो की त्याचं वर्ष दोन दिवस आणि तीनेक तासांत संपतं. २०१९ च्या डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने भारताने सुचवलेली नावं मान्य केली. ताऱ्याचं नाव बिभा, ग्रहाचं संतमस, म्हणजे ढगाळ, अंधारलेला.

ही बिभा कोण? तर बिभा चौधुरी. आपण जिला विभा म्हणतो, तीच बंगालीत बिभा होते.

जन्म १९१३, कलकत्ता. १९३६ साली कलकत्ता विद्यापीठातून त्या भौतिकशास्त्रात एमएस्सी झाल्या, वर्गात त्या एकट्याच मुलगी. पुढे संशोधनासाठी देबेंद्र मोहन बोस यांच्याकडे गेल्या, तर बायकांना देण्यासारखं काम आपल्याकडे नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. बिभा हटल्या नाहीत. शेवटी काम मिळालं, आणि तेही कसलं!

अवकाशातून पृथ्वीवर सतत अतिसूक्ष्म कणांचा मारा होत असतो. त्यांना वैश्विक किरण म्हणतात. बोस आणि चौधुरींनी फोटोच्या काचा दार्जिलिंग, संदकफू अशा उंच ठिकाणी महिनोन् महिने ठेवल्या. कण काचेवरच्या रसायनातून गेला की मागे ठिपक्यांची रेघ उमटते. ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची आणि त्यावरून कणाचं वजन काढायचं. इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट जड असलेल्या कणांच्या खुणा त्यांना मिळाल्या. 'नेचर'मध्ये त्यावर शोधनिबंध छापून आले.

घोडं अडलं ते काचांपाशी. त्यांच्या काचांवर ठिपके विरळ उमटत, त्यामुळे वजन नेमकं ठरवता येईना. चांगल्या काचा हव्या होत्या, पण दुसरं महायुद्ध सुरू झालेलं. कलकत्त्यात त्या येणार कुठून? काम थांबलं.

युद्धानंतर ब्रिस्टलमध्ये सेसिल पॉवेल यांच्या हाती सुधारलेल्या काचा आल्या. पद्धत तीच. १९४७ मध्ये त्यांना पायॉन हा कण सापडला, १९५० मध्ये नोबेल मिळालं. पॉवेल यांनी या दोघांच्या आधीच्या कामाची नोंद पुढे केली, हे सांगायला हवं. पण नोबेल विभागून मिळत असलं, तरी नोंदीला त्यातला वाटा मिळत नाही.

बिभा १९४५ मध्येच मँचेस्टरला पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत गेल्या होत्या. हवेत कणांची सरच कोसळते, त्यावर त्यांनी प्रबंध लिहिला. १९४९ मध्ये होमी भाभांनी त्यांना मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतलं. तिथल्या त्या पहिल्या महिला संशोधक. तेव्हा संस्था कुलाब्याच्या आजच्या इमारतीत नव्हती, गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात होती. आठेक वर्षांनी त्यांनी मुंबई सोडली. पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत असताना कोलारच्या सोन्याच्या खाणींमध्ये खोलवर चालणाऱ्या प्रयोगांत काम केलं. आधी डोंगरावर, मग जमिनीखाली!

लग्न केलं नाही. शेवटपर्यंत संशोधन चालू होतं. १९९१ मध्ये त्या गेल्या, तेव्हा देशातला एकही मोठा पुरस्कार त्यांच्या नावावर नव्हता.

आता तारा बघायचाय? फेब्रुवारी ते एप्रिलच्या रात्री सिंह राशीतली मघा शोधा. तिच्या दक्षिणेला षडंश नावाचा फिकट तारकासमूह आहे, त्यात बिभा आहे. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही, लहान दुर्बीण लागेल. सोलापूरकरांनी अक्कलकोट रोड एमआयडीसीतून प्रयत्न करू नये, टॉवेल-चादरींच्या कारखान्यांचे दिवे आडवे येतील. शहराबाहेर अंधारात जा. तारा सुमारे ३४० प्रकाशवर्षं लांब आहे. म्हणजे आज दुर्बिणीत येणारा त्याचा उजेड निघाला, तेव्हा रायगडावर संभाजी महाराज होते.