मुळशीचे सेनापती

हवामानबदल, पर्यावरण, विस्थापन हे शब्द हल्ली रोज कानांवर पडतात. मुलांना शाळेत त्यावर प्रकल्प करावे लागतात. त्यामुळे हे सारे विषय नवे, बाहेरून आलेले, असा आपला समज होतो. पण विकासाचा लाभ कोणाला आणि त्याची किंमत कोणी मोजायची, हा त्यामागचा प्रश्न एका मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वीच विचारला होता आणि त्यापायी सात वर्षांचा कारावासही भोगला होता. पांडुरंग महादेव बापट, म्हणजेच सेनापती बापट, यांचे स्मरण यंदाच्या स्मरणिकेतून करावे असे आम्हांस वाटले.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. घरची गरिबी, पण बुद्धी तल्लख. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर शिष्यवृत्ती मिळवून ते १९०४ साली विलायतेला गेले आणि एडिंबरोच्या हेरियट-वॉट कॉलेजात यंत्रशास्त्र शिकू लागले. तिथे इंग्रजी राज्याविरुद्ध जाहीरपणे बोलल्यामुळे शिष्यवृत्ती गेली. लंडनच्या इंडिया हाउसमधील क्रांतिकारकांशी संबंध आला, पॅरिसला जाऊन ते बाँबची विद्या शिकले आणि १९०८ मध्ये मायदेशी परतले. अलीपूर खटल्यात नाव निघाल्याने त्यांना काही वर्षे अज्ञातवासात काढावी लागली. १९१२ साली ते इंदूरला पकडले गेले.

सुटून पारनेरला आल्यावर या विलायत पाहिलेल्या माणसाने हातात झाडू घेतला. रोज पहाटे गावचे रस्ते झाडायचे हा त्यांचा नेम झाला. मुलाच्या बारशाला पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांची बसवली. गावाला ते रुचले नाही, पण बापट डगमगले नाहीत.

त्यांच्या आयुष्यातील खरी कसोटी पुढे मुळशीत लागली. पुण्याच्या पश्चिमेला मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने मोठे धरण बांधायला घेतले. पाणी घाटाखाली सोडायचे, त्यावर वीज तयार करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना व रेल्वेला पुरवायची, अशी योजना होती. धुराशिवाय मिळणारी वीज आणि तीही स्वदेशी भांडवलातून, म्हणून अनेक देशभक्तांनाही तिचे कौतुक होते. पण त्या पाण्याखाली पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी जाणार होत्या. आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरे, देवळे, पिढ्यान्‌पिढ्यांची घरे, सारे बुडणार होते. शेतकऱ्यांना कोणी विचारलेदेखील नव्हते. जमिनी मिळवून द्यायला सरकारचा भूसंपादनाचा कायदा हजर होता.

१६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, शेकडो मावळे बायकामुलांसह धरणाच्या कामावर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते सोबत होते. जीव गेला तरी बेहत्तर, पण जमीन द्यायची नाही, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. काम काही काळ थांबले आणि पुन्हा सुरू झाले. मग धरपकड झाली. बापट तुरुंगात जात, सुटले की पुन्हा मुळशीत उभे राहत. लोकांनीच त्यांना सेनापती म्हणायला सुरुवात केली.

आम्हांस एक गोष्ट महत्त्वाची वाटते. बापट स्वतः यंत्रशास्त्र शिकलेले होते. यंत्राशी किंवा विजेशी त्यांचे वैर नव्हते. तसेच ते कोणा समाजवादी पक्षाचे तत्त्वज्ञही नव्हते. पण नफा मूठभरांचा आणि नुकसान गोरगरिबांचे, हा समाजवाद्यांचा भांडवलशाहीवरील आक्षेप त्यांनी मुळशीत डोळ्यांनी पाहिला. भांडवलदार आपल्या देशाचा असला म्हणून अन्याय बदलत नाही, हे म्हणायला त्या काळी मोठे धैर्य लागत होते.

लढा मात्र आतून पोखरला गेला. पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. आंदोलन लांबले तसे त्यांतले बरेच जण नुकसानभरपाईकडे वळले. कसणाऱ्या कुळाला त्या पैशांतून काय मिळणार? शेवटी १९२४ च्या डिसेंबरमध्ये बापटांनी मोजके साथी घेऊन, रुळांवर दगड रचून कंपनीची गाडी अडवली. या वेळी हाती शस्त्रही होते. हा मार्ग गांधीजींना पसंत पडणारा नव्हता आणि आजही त्यावर दुमत होईल. बापटांनी त्याची जबाबदारी टाळली नाही. सात वर्षांची शिक्षा भोगून ते १९३१ साली बाहेर आले, तोवर धरण पूर्ण होऊन गावे बुडाली होती.

तरी ते थकले नाहीत. निजामाविरुद्धच्या हैदराबाद सत्याग्रहात ते होते, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात होते. आम्हां गोवेकरांवर तर त्यांचे ऋण आहे. १९५५ च्या मे महिन्यात, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, नानासाहेब गोरे यांच्याबरोबर ते गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात उतरले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मुंबईतील ज्या गिरणगावासाठी मुळशीची वीज निघाली, त्याच गिरणगावातून जाणाऱ्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.

मुळशीचे पाणी अजून भिरा येथे वीज निर्माण करते. आपल्या साळावली धरणाखाली गेलेले कुर्डी गाव दर मे महिन्यात पाणी ओसरले की वर येते आणि तिथले लोक देवळाच्या पायरीवर डोके टेकायला जातात. साळावलीच्या पाण्यावर आपली घरे चालतात, तेव्हा धरण नकोच असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? आमच्यासारख्या सरकारी नोकराच्या टेबलावरून भूसंपादनाच्या फायली जातात. त्यांत सर्व्हे नंबर असतो, क्षेत्रफळ असते, रक्कम असते. त्या जागेवर कोण राहत होते, हे मात्र नसते.

आता पृथ्वी तापते आहे म्हणून स्वच्छ विजेची गरज आहे आणि ती खरीच आहे. त्यासाठी पुन्हा कोणाच्या तरी जमिनी लागतील. तेव्हा दिवा कोणाच्या घरी लागणार आणि अंधार कोणाच्या वाट्याला येणार, एवढे तरी आपण आधी विचारावे. सेनापतींचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाही.