नांगर विकला जाईना, तरी माणूस हटला नाही

शेतकरी बंधूंनो, लोखंडी नांगर आज कुणाला नवा नाही. पण हाच नांगर बांधावर आला तेव्हा शेतकऱ्याने त्याच्याकडे पाठ फिरवली होती, हे ठाऊक आहे का? तो नांगर घडवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची ही हकिगत, दोन वर्षं पिकानं दगा दिलेल्या प्रत्येकानं ऐकण्यासारखी आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगावकडील गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. पण डोळ्यांना काही रंगच नीट ओळखू येईनात! चित्रकला सुटली. मग त्यांनी यंत्रांची रेखाटनं करण्याची विद्या धरली आणि मुंबईच्याच तंत्रशाळेत शिक्षक झाले. तिथे बढती हुकली, तेव्हा नोकरी सोडली. बेळगावात बंधूंच्या जोडीने १८८८ साली काढलेलं सायकलींचं दुकान होतंच. पुढे तिथेच कारखानदारी सुरू झाली. आधी कडबा तोडण्याचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर.

लाकडी नांगर जमीन नुसती उकरतो. लोखंडी नांगर माती पलटी करतो, हरळी-कुंद्याच्या मुळ्या वर काढून उन्हात वाळवतो. एवढा फायदा असूनही गिऱ्हाईक फिरकेना. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, अशी समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. विचार करा, माल तयार आहे, पैसा अडकलाय आणि लोक हसतायत. दुसऱ्या कुणी दुकानाला कुलूप लावलं असतं.

एवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेनं जागा सोडायला लावली. मात्र औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला, दहा हजारांचं कर्जही दिलं. माळ कसला, निवडुंग आणि नाग! १९१० साली लक्ष्मणराव कामगारांना घेऊन तिथे उतरले, निवडुंग तोडला आणि वसाहत उभी केली. तीच किर्लोस्करवाडी. पहिल्या महायुद्धात बाहेरचं लोखंड मिळेनासं झालं, तर कोल्हापूर दरबारच्या जुन्या तोफा वितळवून त्यांनी नांगर ओतले. २६ सप्टेंबर १९५६ ला ते वारले, तोवर त्यांचा नांगर गावोगाव पोचला होता.

लक्षात घ्या, धीर काही त्यांना जन्मतः मिळाला नव्हता. चित्रकला गेली तरी रेघ मारणारा हात शाबूत होता; त्या हाताने यंत्र काढलं. जागा गेली तरी कारागीर सोबत होते. दरवेळी काय गेलं यापेक्षा काय उरलं, हे त्यांनी आधी मोजलं. आपणही खचलेल्या हंगामानंतर तेच करावं. विहिरीत पाणी किती, गोठ्यात जनावरं किती, घरात कामाचे हात किती, याची यादी करून पुढच्या पेरणीचा बेत आखावा.

सरपंच, तलाठी, ग्रामसेवक मंडळींनीही एक ध्यानी घ्यावं. त्या माणसाला एका ठिकाणाहून उठवलं गेलं आणि दुसऱ्यानं पडीक माळ दिला. त्या माळाचं काय झालं ते आपण पाहतोच. तुमच्या दारात अडलेला माणूस आला, तर त्याला नुसता परत पाठवू नका.