शेतीला कंटाळलेल्या पोराचं विमान आणि आपल्या ट्रॅक्टरची लिफ्ट

ट्रॅक्टरवर बसलेला माणूस उजव्या हाताचा लिव्हर मागे ओढतो आणि नांगर अलगद वर येतो. पुढे ढकलला की पुन्हा जमिनीत. बांधापाशी आलं की उचलायचं, वळायचं, परत टाकायचं. दोन-तीन क्विंटलचं लोखंड एका बोटावर वरखाली होतं आणि त्याचं आता कुणाला नवलही वाटत नाही.

ही करामत ज्याच्या डोक्यातून निघाली त्याचं नाव हॅरी फर्ग्युसन. मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या बोनेटवरचा फर्ग्युसन तो हाच. पण नांगराच्या नादाला लागण्याआधी या गड्यानं चक्क विमान बांधलं होतं. कुठल्या कारखान्यात नाही, भावाच्या गॅरेजात.

हॅरीचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ चा. आयर्लंडच्या उत्तरेकडं डाऊन नावाचा परगणा आहे, तिथल्या ग्रोवेल या खेड्यातला. वडिलांची सुमारे १०० एकर शेती. अकरा भावंडांत हा चौथा. वडील कडक शिस्तीचे आणि धर्माच्या बाबतीत त्याहून कडक. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगं घोड्यांच्या नांगरामागं चालू लागलं. त्याला शेतीचं काम मनापासून आवडायचं नाही. कॅनडाला निघून जावं असं त्याच्या मनात पक्कं होत आलं होतं. तेवढ्यात, १९०२ मध्ये थोरला भाऊ जो यानं बेलफास्ट शहरात मोटारी दुरुस्तीचं गॅरेज टाकलं आणि हॅरीला हाताखाली घेतलं. कॅनडा राहिला बाजूला.

गॅरेजात हॅरी रमला. बिघडलेलं इंजिन त्याच्या हातात आलं की सूर धरायचं. मोटारसायकलच्या आणि मोटारींच्या शर्यतीतही तो उतरायचा, गॅरेजची जाहिरात आपोआप व्हायची.

त्या काळात विमानाचा नुसता बोलबाला होता. अमेरिकेत राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ ला पहिलं उड्डाण केलं होतं. हे दोघे भाऊही मूळचे सायकल दुकानदार. २५ जुलै १९०९ ला फ्रान्सचा ब्लेरिओ विमानानं समुद्र ओलांडून इंग्लंडात उतरला. मग फ्रान्समध्ये रॅन्सला आणि इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलला विमानांचे मेळे भरले. हॅरी हे मेळे बघायला गेला. बाकीचे लोक आभाळाकडं बघत होते, हा जमिनीवर उभ्या विमानांची मापं टिपून घेत होता. पंख किती लांब, तारा कुठं ताणल्यात, इंजिन कुठं बसवलंय. घरी आला तो हेच सांगत, की असलं आपणही करू शकतो.

भावाला पटवलं आणि गॅरेजात काम सुरू झालं. एकच पंखजोडी असलेलं, ब्लेरिओच्या धाटणीचं विमान. लाकडाचा सांगाडा, ताणून बांधलेल्या तारा, पंखांवर कापड. इंजिन जे.ए.पी. कंपनीचं, आठ सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं, ३५ हॉर्सपॉवरचं. आज गावात फिरणाऱ्या लहान ट्रॅक्टरची ताकद साधारण एवढीच असते. पण ट्रॅक्टर जड असला तरी निभतं, विमानात प्रत्येक शेर इंजिनाच्या छातीवर बसतो. सांगाडा हलका पाहिजे आणि मोडताही कामा नये. ही कसरत हॅरी त्या गॅरेजात शिकला.

विमान तयार झालं, पण उडवायचं कुठं? बेलफास्टच्या रस्त्यावरून मोटारीला बांधून ते हिल्सबरो गावच्या मोठ्या मैदानात ओढत नेलं. रस्त्यावरच्या लोकांना काय वाटलं असेल, विचार करा. तिथं नेलं तर प्रोपेलर, म्हणजे पुढचा लाकडी पंखा, त्रास देऊ लागला. दुरुस्ती केली, बदल केले. मग हवामान रुसलं. वारा आणि पावसात जवळजवळ आठवडा गेला. शिकवायला कुणी नव्हतं. ज्यानं बांधलं त्यानंच बसायचं, आणि चुकलं तर पहिला तोच आपटणार.

३१ डिसेंबर १९०९. वर्षाचा शेवटचा दिवस आणि वारा तेव्हाही जोरातच होता. हॅरी बसला, इंजिन धडधडलं, चाकं गवतावरून उचलली. जमिनीपासून साधारण १२ फूट उंच आणि लांबी सुमारे १३० यार्ड, म्हणजे ४०० फुटांना थोडी कमी. शेताच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जावं, एवढंच. पण आयर्लंडच्या भूमीवरून विमान उडवणारा पहिला माणूस म्हणून त्याचं नाव लागलं, आणि विमान स्वतःच्या हातानं बांधलेलं. वय २५.

बेलफास्टजवळच त्याच सुमारास लिलियन ब्लँड नावाची एक पत्रकार बाईही विमान बांधत होती, तेही घरच्या वर्कशॉपमध्ये. पंख वजन उचलतात का हे बघायला तिनं चार धिप्पाड पोलिसांना आणि बागेत काम करणाऱ्या पोराला विमानाला लटकवलं. पेट्रोलची टाकी वेळेवर आली नाही, तर व्हिस्कीची बाटली आणि बहिऱ्या आत्याचं कानाचं नळकांडं जोडून इंजिन चालवून पाहिलं. १९१० मध्ये तिचं विमानही उडालं. वडिलांनी धास्ती घेऊन, उडणं सोडलंस तर मोटार घेऊन देतो म्हटलं. बाईनं मोटार घेतली.

हॅरीला मात्र कुणी मोटार देऊ करून थांबवणार नव्हतं, त्याच्याकडं गॅरेजच होतं. १९१० मध्ये न्यूकॅसल या समुद्रकाठच्या गावानं ३ मैल उडून दाखवणाऱ्याला १०० पौंडांचं बक्षीस लावलं. हॅरी वाळूवर आपटला, विमान मोडलं. दुरुस्त केलं, पुन्हा आपटला. ऑगस्टमध्ये बक्षीस मारलं.

इथं घरात ठिणगी पडली. विमान किती धोक्याचं आणि त्याच्यात पुढं भवितव्य आहे का, यावरून दोघा भावांचं पटेना. जो चूक होता असं म्हणवत नाही. गॅरेज त्याचं, पैसा त्याचा, आणि मोडणारी हाडं धाकट्या भावाची. १९११ मध्ये हॅरी वेगळा झाला आणि बेलफास्टमध्येच स्वतःचा मोटारविक्रीचा धंदा काढला. १९१३ मध्ये मॉरीनशी लग्न झालं. विमान मागं पडलं.

त्याच्या दुकानात ओव्हरटाइम नावाचे ट्रॅक्टरही विकायला होते. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई झाली तेव्हा, १९१७ मध्ये, सरकारच्या शेतीखात्यानं ट्रॅक्टरचं काम सुधारायला हॅरीलाच गाठलं. विल सँड्स हा मेकॅनिक सोबतीला घेऊन तो गावोगाव हिंडला. ज्या शेतीपासून पळाला होता, तिच्यातच परत आला.

त्यानं जे बघितलं ते भयंकर होतं. ट्रॅक्टर जड, जमीन दाबून टाकणारे. नांगर मागं साखळीनं गाडीसारखा ओढायचा. फाळ दगडात किंवा मुळात अडकला की मागची चाकं जोर लावायची, पुढचं तोंड आभाळाकडं उचलायचं आणि ट्रॅक्टर उलटून चालवणाऱ्याच्या अंगावर. हेन्री फोर्डच्या फोर्डसन ट्रॅक्टरखाली अशी कितीतरी माणसं मेली.

बाकीच्यांनी उपाय म्हणून ट्रॅक्टर आणखी जड केला असता. विमान बांधलेल्या माणसाला वजन वाढवणं पटेचना. नांगर मागं ओढायची वेगळी गाडी कशाला, तो ट्रॅक्टरचाच अवयव झाला पाहिजे, असं त्यानं धरलं. कितीतरी वर्षं मोडतोड आणि जुळवाजुळव चालली. शेवटी तीन दांड्यांची जोडणी ठरली. खालच्या दोन दांड्या ओढतात, वरची टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढं रेटते आणि त्याचं नाक खाली धरून ठेवते. नांगराचा ताण मागच्या चाकांवर वजन म्हणून उतरतो, म्हणून हलका ट्रॅक्टरही जड काम करतो. जमीन कठीण लागली की हायड्रोलिक आपोआप नांगर थोडा उचलतं. टॉप लिंक काढून, नाहीतर भलत्या जागी साखळी बांधून ओझं ओढणारे आजही दिसतात. ते याच जुन्या मरणाला बोलावतात.

१९३६ मध्ये या पद्धतीचे ट्रॅक्टर बाजारात आले. १९३८ मध्ये हॅरी अमेरिकेला गेला आणि टेबलावर छोटं मॉडेल ठेवून हेन्री फोर्डला सगळं समजावलं. दोघांनी कागद न करता नुसते हात मिळवले. १९४७ मध्ये फोर्डच्या नातवानं तो व्यवहार मोडला. हॅरी कोर्टात गेला आणि १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. माणूस हट्टी होता. सोबत काम करायला सोपा नव्हता, पण हातात घेतलेलं सोडायचा नाही.

दरम्यान १९४६ पासून इंग्लंडच्या कॉव्हेंट्रीत त्याचा छोटा राखाडी ट्रॅक्टर निघू लागला होता. दहा वर्षांत ५ लाखांहून जास्त बनले. १९५३ मध्ये त्याची कंपनी मॅसी हॅरिस या कंपनीत मिसळली, तिथून मॅसी फर्ग्युसन. जानेवारी १९५८ मध्ये एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवावर पोचला तो फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊनच.

२५ ऑक्टोबर १९६० ला हॅरी फर्ग्युसन वारला. त्याच वर्षी मद्रासमध्ये टॅफे कंपनी उभी राहिली आणि पुढं मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर भारतातच बनू लागले. उत्तर आयर्लंडच्या नॉर्दर्न बँकेनं २० पौंडांच्या नोटेवर हॅरीचा चेहरा छापला. त्याच्या पहिल्या विमानाची प्रतिकृती तिथल्या संग्रहालयात बघायला मिळते.