टायगरला तोड म्हणून बनलेला रणगाडा आणि तो घेऊन सियालकोटवर चालून गेलेले कर्नल तारापोर

यूट्यूबवर किंवा इन्स्टाग्रामवर असा एखादा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. टेबलावर एक डबा उघडला जातो. त्यातून प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले शेकडो बारीक बारीक सुटे भाग बाहेर येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. दोन-चार आठवड्यांनी टेबलावर वीतभर लांबीचा रणगाडा उभा असतो आणि शंभरातल्या बऱ्याच वेळा तो जर्मनीचा टायगर असतो.

या छंदात टायगरला तोड नाही. जपानच्या तामिया कंपनीने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीच्याच पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं किट काढलं. आत बॅटऱ्या आणि मोटर बसली पाहिजे या हिशोबाने त्याचा आकार ठरवला, तो मूळ रणगाड्याच्या पस्तीसाव्या भागाएवढा भरला. पुढे 1:35 हेच माप जगभर रूढ झालं आणि जर्मन रणगाडे या छंदाचे हिरो झाले.

डब्यावर खऱ्या रणगाड्याची माहिती छापलेली असते. टायगरचं वजन 57 टन, समोरचं चिलखत 100 मिलिमीटर, तोफ 88 मिलिमीटरची. आकडे वाचूनच पोरं प्रेमात पडतात.

पण या टायगरच्या धास्तीमुळेच दुसरा एक रणगाडा जन्माला आला, तो पुढे भारतीय लष्करात आला आणि तो घेऊन महाराष्ट्राशी नातं सांगणाऱ्या एका पारशी अधिकाऱ्याने पाकिस्तानच्या हद्दीत घुसून लढाई केली, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना माहिती असते.

त्या रणगाड्याचं नाव सेंच्युरियन आणि त्या अधिकाऱ्याचं नाव लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर, परमवीर चक्र.

शिवरायांच्या काळापासूनचं नातं

तारापोर यांचा जन्म 18 ऑगस्ट 1923 चा, मुंबईचा. घरात त्यांना आदी म्हणायचे.

त्यांच्या घराण्यात एक गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. आठ पिढ्यांपूर्वीचे त्यांचे पूर्वज रतनजीबा हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या सैन्यात होते. त्यांच्या कामगिरीवर खूश होऊन महाराजांनी त्यांना शंभर गावं दिली. त्यातलं मुख्य गाव तारापोर, म्हणून आडनाव तारापोर.

पुढे आदीचे आजोबा हैदराबाद संस्थानात गेले आणि निजामाच्या नोकरीत लागले. वडील बुर्झोरजी हे फारसी आणि उर्दूचे जाणकार. तेही निजामाच्याच सीमाशुल्क खात्यात होते. त्यामुळे आदीचं लहानपण हैदराबादशी जोडलं गेलं.

सहा वर्षांचा असताना तो बहिणीसोबत अंगणात खेळत होता. घरची गाय दावं तोडून सुटली आणि थेट त्यांच्या अंगावर धावून आली. बहीण घाबरली. आदी तिच्या पुढे उभा राहिला, हातात काठी घेतली आणि गाय जवळ येताच तिच्या नाकावर हाणली. गाय मागे फिरली.

सातव्या वर्षी त्याला पुण्याला सरदार दस्तूर शाळेच्या वसतिगृहात पाठवलं. अभ्यासात तो जेमतेमच होता, पण मैदानावर पुढे असायचा. शेवटच्या वर्षी तो शाळेचा कॅप्टन होता. 1940 मध्ये मॅट्रिक झाला आणि त्याने सैन्यात अर्ज केला.

सैन्य कुणाचं? तर निजामाचं.

हातबॉम्ब पडला आणि आयुष्य बदललं

इथे हिंगोलीचा संदर्भ लक्षात घ्यायला हवा. आज जिल्हा असलेलं हिंगोली तेव्हा हैदराबाद संस्थानातल्या परभणी जिल्ह्यात होतं. त्याआधीच्या शतकात तर हिंगोली म्हणजे छावणीचं गाव. इंग्रजांच्या ताब्यात असलेल्या, पण खर्च निजामाच्या माथी असलेल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा तळ इथे होता. घोडदळ, तोफा, पायदळ असा सगळा सरंजाम. 1903 मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. याच फौजेच्या घोडदळातून पुढे डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट आकाराला आली. 1965 मध्ये पंजाबात असल उत्तरला पाकिस्तानी पॅटन रणगाडे रोखणाऱ्यांमध्ये ती होती.

निजामाची स्वतःची फौज मात्र वेगळी होती. तारापोर त्या फौजेत गेले. गोवळकोंडा आणि बंगळुरूला प्रशिक्षण झालं आणि 1942 च्या सुरुवातीला ते सातव्या हैदराबाद इन्फंट्रीत सेकंड लेफ्टनंट झाले.

पण मन लागेना. त्यांना पायदळ नको होतं, घोडदळ हवं होतं. तोवर घोडे जाऊन त्यांच्या जागी चिलखती गाड्या आल्या होत्या आणि तारापोर यांना तिकडेच जायचं होतं. ती संधी एका अपघाताने मिळाली.

बटालियनमध्ये हातबॉम्ब फेकण्याचा सराव सुरू होता. एका नवख्या जवानाने पिन काढली, पण बॉम्ब नीट फेकला गेला नाही आणि जवळच पडला. सगळे जागीच थिजले. तारापोर खड्ड्यात उतरले, बॉम्ब उचलला आणि बाहेर भिरकावला. हातातून सुटताच तो फुटला आणि त्याचे तुकडे त्यांच्या छातीत घुसले.

ते वाचले. हा प्रकार निजामाच्या फौजेचे सेनापती मेजर जनरल अल एद्रूस यांच्या कानावर गेला. त्यांनी तारापोर यांना बोलावून शाबासकी दिली. तारापोर यांनी संधी साधून घोडदळात बदली मागितली. एद्रूस यांनी ती दिली. तारापोर पहिल्या हैदराबाद लान्सर्समध्ये गेले आणि दुसऱ्या महायुद्धात पश्चिम आशियात जाऊन आले.

17 सप्टेंबर 1948

मराठवाड्यात ही तारीख सांगावी लागत नाही. 13 सप्टेंबरला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं आणि पाचव्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली. 18 सप्टेंबरला एद्रूस यांनी भारतीय सैन्याचे मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी यांच्यापुढे रीतसर शरणागती दिली. हिंगोलीसकट सगळा मराठवाडा मुक्त झाला.

मराठवाड्याच्या जनतेसाठी हा सुटकेचा दिवस होता. पण निजामाच्या फौजेत असलेल्यांपुढे मोठाच प्रश्न उभा राहिला. ज्यांना घोडदळात घेतलं ते सेनापती शरण आले होते आणि स्वतःची फौजच मोडीत निघाली होती. आता पुढे काय? हरलेल्या बाजूचा शिक्का घेऊन नव्या सैन्यात उभं कसं राहायचं?

तारापोर यांना भारतीय सैन्यात घेण्यात आलं. 1 एप्रिल 1951 ला ते पूना हॉर्स या रेजिमेंटमध्ये दाखल झाले. ही रेजिमेंट 1817 सालची, पेशव्यांशी झालेल्या पुण्याच्या तहातून उभी राहिलेली. ज्या पुण्यात शाळा झाली त्याच पुण्याचं नाव आता खांद्यावर आलं. पुढे सेंच्युरियन रणगाड्याच्या प्रशिक्षणासाठी त्यांना इंग्लंडला पाठवलं गेलं.

सेंच्युरियन म्हणजे काय चीज होती?

दुसऱ्या महायुद्धात टायगर मैदानात उतरला तेव्हा दोस्त राष्ट्रांचे रणगाडे त्याच्यापुढे तोकडे पडले. टायगर लांबूनच त्यांना फोडायचा, त्यांचे गोळे मात्र त्याच्या समोरच्या चिलखतावरून उडून जायचे. एप्रिल 1943 मध्ये ब्रिटिशांनी ट्युनिशियात एक अख्खा टायगर ताब्यात घेतला. आजही तो इंग्लंडच्या बोव्हिंग्टन संग्रहालयात आहे.

त्याच वर्षी ब्रिटिशांनी एका नव्या रणगाड्याचं काम हाती घेतलं. अट अशी की जर्मनांच्या 88 मिलिमीटर तोफेचा मारा त्याने सोसला पाहिजे. समोरचं चिलखत तिरकं ठेवलं, म्हणजे गोळा आदळला तरी त्याचा जोर कमी होतो आणि तो घसरून जाण्याची शक्यता वाढते. पहिले नमुने युरोपात पोचले तेव्हा मे 1945 उजाडला होता आणि युद्ध संपलं होतं. टायगरशी सेंच्युरियनची गाठ कधीच पडली नाही.

त्याची खरी परीक्षा पुढे इतर देशांच्या युद्धांत झाली. 1965 मध्ये भारताकडे सेंच्युरियनच्या मोजक्याच रेजिमेंट होत्या, त्यातली एक पूना हॉर्स आणि तिचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल तारापोर.

समोर होते अमेरिकेने पाकिस्तानला दिलेले पॅटन. पॅटनची तोफ 90 मिलिमीटरची, सेंच्युरियनची 84 च्या आसपास. पॅटनमध्ये अंतर मोजायची आधुनिक यंत्रणा होती. किटच्या डब्यावरचे आकडे शेजारी शेजारी ठेवले तर पैज पॅटनवरच लागली असती.

सहा दिवस

सप्टेंबर 1965. भारताची पहिली आर्मर्ड डिव्हिजन सियालकोटच्या दिशेने पाकिस्तानात घुसली. 11 सप्टेंबरला पूना हॉर्सला फिलोरा घेण्याचं काम मिळालं. बेत होता मागून वळसा घालून अचानक हल्ला करण्याचा. तारापोर यांचे रणगाडे फिलोरा आणि चविंडा या दोन गावांच्या मधून पुढे निघाले असताना वझीरवालीकडून पाकिस्तानी रणगाडे त्यांच्यावर चालून आले.

अशा वेळी मागे हटून नव्याने जुळवाजुळव करता येते. तारापोर सगळ्यात पुढे होते आणि ते हटले नाहीत. आलेला हल्ला त्यांनी जागेवर थोपवला आणि एक स्क्वाड्रन व पायदळाची एक बटालियन घेऊन फिलोरावर धडक मारली. फिलोरा पडलं.

या लढाईत त्यांच्या हाताला जखम झाली. त्यांना मागे दवाखान्यात हलवायची तयारी झाली. त्यांनी नकार दिला.

रणगाड्याच्या लढाईत कमांडरची जागा फार मोलाची असते. वरचं झाकण बंद केलं तर तो सुरक्षित असतो, पण त्याला बाहेरचं जेमतेमच दिसतं. झाकण उघडं ठेवून डोकं बाहेर काढलं तर ऊस, झाडं, धूळ यांच्या आडचा रणगाडा आधी दिसतो आणि आधी दिसला की आधी गोळा सुटतो. मात्र बाहेर असलेलं डोकंही शत्रूच्या टप्प्यात येतं. तारापोर झाकण उघडं ठेवून लढणाऱ्यांपैकी होते, असं सांगितलं जातं.

14 सप्टेंबरला जखमी हातानिशी त्यांनी वझीरवाली घेतलं. 16 सप्टेंबरला जस्सोरान आणि बुटूर डोगरांडी. चविंडावर मागून हल्ला करणाऱ्या आपल्या पायदळासाठी ही दोन्ही ठिकाणं धरून ठेवणं गरजेचं होतं. त्यांच्या रणगाड्यावर एकामागून एक गोळे येऊन आदळले, तरी त्यांनी जागा सोडली नाही.

त्याच दिवशी शत्रूच्या माऱ्यात तारापोर प्राणघातक जखमी झाले आणि रणांगणावरच त्यांचा शेवट झाला. वय 42.

या सहा दिवसांत पूना हॉर्सने शत्रूचे सुमारे 60 रणगाडे निकामी केले, अशी सरकारदरबारी नोंद आहे. स्वतःचे गमावले फक्त 9.

चविंडा मात्र शेवटपर्यंत भारताच्या हाती आलं नाही. 23 सप्टेंबरला युद्धविराम झाला. त्यामुळे या लढाईचा निकाल कुणाच्या बाजूने लागला यावर दोन्हीकडचे अभ्यासक आजही वाद घालतात. तारापोर यांच्या सहा दिवसांबद्दल मात्र वाद होत नाही.

शेवटची इच्छा

लढाईत आपलं काही बरंवाईट झालं तर आपल्याला युद्धभूमीवरच अग्नी द्यावा, असं तारापोर यांनी आपल्या सहकारी अधिकाऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं. पारशी समाजात पार्थिव दोखम्यात ठेवण्याची परंपरा आहे, त्यामुळे ही इच्छा वेगळीच होती. पण ती पाळली गेली. चितेचा धूर दिसला की शत्रूच्या तोफांना नेम मिळतो, तरीही जवानांनी तिथेच अंत्यसंस्कार केले. त्या वेळी पाकिस्तानी बाजूनेही तोफा थांबवल्या होत्या, असं सांगतात.

त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र जाहीर झालं. 1965 च्या युद्धात हा सन्मान दोघांनाच मिळाला, एक हवालदार अब्दुल हमीद आणि दुसरे तारापोर. लेफ्टनंट कर्नल हुद्द्यावर परमवीर चक्र मिळवणारे ते एकमेव. 2023 मध्ये अंदमान-निकोबारमधल्या 21 बेटांना परमवीरांची नावं देण्यात आली, त्यात एक तारापोर यांच्या नावाचं आहे.

सहा वर्षांनी, 16 डिसेंबर 1971 ला, याच पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल सेंच्युरियनमधूनच लढताना शहीद झाले. त्यांनाही परमवीर चक्र मिळालं. त्यांचा फॅमागुस्ता नावाचा रणगाडा पुढे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, जतन करून ठेवण्यात आला.

आणि आता तारखा पुन्हा एकदा बघा. तारापोर गेले 16 सप्टेंबरला. दुसऱ्या दिवशी मराठवाड्यात मुक्तीदिन होता. त्या वेळी भारताचे लष्करप्रमुख होते जनरल जयंतो नाथ चौधरी. सतरा वर्षांपूर्वी एद्रूस यांची शरणागती ज्यांनी स्वीकारली, तेच. एद्रूस यांनी घोडदळात घेतलेला अधिकारी आता चौधरींच्या सैन्यातला परमवीर होता. हरलेल्या बाजूचा शिक्का कधीच पुसला गेला होता.

सेंच्युरियनचंही 1:35 मापाचं किट बाजारात मिळतं. जोडून झालं की वीतभर लांब होतं. डब्यावर वजन, चिलखत, तोफ असं सगळं लिहिलेलं असतं. टरेटवरचं झाकण चिकटवताना ते उघडं ठेवायचं की बंद, हे मात्र जोडणाऱ्याने ठरवायचं असतं.