कै. जोसेफ (काका) बॅप्टिस्टा

ज्युबिलीच्या स्मरणपुस्तकात एखाद्या संताचे किंवा धर्मप्रसारकाचे चरित्र द्यावे, हा रिवाज आम्हास ठाऊक आहे. तरीही या खेपेस आम्ही एका प्रापंचिक गृहस्थाची निवड केली आहे. ते बॅरिस्टर होते, मुंबई म्युनिसिपालिटीचे सभासद होते आणि मजुरांचे पुढारी होते. चौल, रेवदंडा, कोर्लई, उरण या आपल्या किनाऱ्यावरील कॅथलिक मनुष्यास, या देशाच्या कारभारात आपली जागा कोणती, हा प्रश्न केव्हा ना केव्हा पडतोच. जोसेफ बॅप्टिस्टा यांनी त्याचे उत्तर आपल्या आयुष्याने देऊन ठेवले आहे, असे आमचे मत आहे.

त्यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईस माझगावातील माथारपाखाडी येथे झाला. रेवसची अगर मोऱ्याची लाँच भाऊच्या धक्क्यास लागली म्हणजे आपण ज्या माझगावच्या बाजूस उतरतो, तेथलीच ही जुनी कॅथलिक वस्ती. त्यांचे वडील जॉन हे मूळचे भाईंदरजवळील उत्तनचे, म्हणजे आपल्यासारखेच समुद्रकाठचे. माझगावच्या सेंट मेरी शाळेत शिक्षण झाल्यावर जोसेफ पुण्याच्या एंजिनिअरिंग कॉलेजात गेले व पुढे जंगल खात्यात नोकरीस लागले. त्या काळी एवढ्यावर कोणत्याही घरचे समाधान झाले असते. परंतु ती नोकरी सोडून ते विलायतेस गेले, केंब्रिजची पदवी घेतली, बॅरिस्टर झाले आणि परत येऊन मुंबईस वकिली करू लागले.

येथे आपल्या समाजाच्या स्थितीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. गोव्याहून पोर्तुगीज प्रजाजन नोकरीसाठी मुंबईस येऊ लागले होते. त्यांच्याहून आपण निराळे, इंग्रज सरकारची जुनी प्रजा, हे सरकारच्या ध्यानी यावे म्हणून मुंबईच्या स्थानिक कॅथलिकांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, ईस्ट इंडियन हे नाव धारण केले. नोकऱ्यांचा प्रश्न होता, म्हणून आम्ही त्यांस दोष देत नाही. पण एका व्यापारी कंपनीचे नाव ज्या समाजाने आपखुशीने घेतले, त्याच समाजातून बॅप्टिस्टा निघाले, हे विसरून चालणार नाही.

१९०१ साली ते म्युनिसिपालिटीत निवडून गेले. शहरावरील प्लेगचे संकट तेव्हा टळलेले नव्हते. पुढे अनेक वर्षे त्यांनी तेथे शहराची सेवा केली. पण त्यांची खरी कसोटी १९०८ साली लागली. लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा टिळकांस साहाय्य करणाऱ्या वकिलांत बॅप्टिस्टा होते. वकिली हा त्यांचा पोटाचा धंदा. सरकारची मेहेरनजर हवी असलेला वकील असल्या खटल्याच्या वाऱ्यासही उभा राहत नाही. हे मात्र उभे राहिले. आणि १९१० साली नाशिकच्या खटल्यात सावरकरांच्या बचावासाठीही उभे राहिले. टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणीकामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. त्या कामगारांत कोकणातील, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील माणसेही होती. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांनी त्याच गिरण्यांत हाडे झिजविली.

टिळक मंडालेहून सुटून आल्यावर दोघांचा स्नेह अधिकच दृढ झाला. एक सनातनी ब्राह्मण व एक रोमन कॅथलिक यांची ही मैत्री, आणि तिच्यासाठी कोणासही आपला धर्म बाजूस ठेवावा लागला नाही, हे आम्हास फार मोलाचे वाटते. आयर्लंडातील कॅथलिक जनतेने चालविलेली होमरूलची चळवळ बॅप्टिस्टांच्या मनात भरली होती. तीच वाट हिंदुस्थानास योग्य, असे ते आग्रहाने मांडीत. १९१५ साली पुण्यास भरलेल्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावास होमरूल लीग स्थापन झाली, तेव्हा टिळकांनी स्वतः पद न घेता बॅप्टिस्टांस अध्यक्ष केले, चिटणीस न. चिं. केळकर झाले. १९१७ साली लीगचे गाऱ्हाणे घेऊन ते इंग्लंडास गेले व तेथील मजूर पक्षाची सहानुभूती मिळवू लागले. टिळकांचे स्वराज्याविषयीचे सुप्रसिद्ध वाक्य मुळात बॅप्टिस्टांनीच घडविले, असे काहीजण म्हणतात. आम्ही त्या वादात पडत नाही. त्यांचे नाव मोठे होण्यास त्या वाक्याची गरज नाही.

मजुरांचे कार्य हा त्यांच्या चरित्राचा दुसरा भाग. आमच्या दृष्टीने हाच अधिक थोर. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली आपल्या परिपत्रकात मजुरांस संघ करण्याचा हक्क आहे, हे जगास सांगितले. आम्ही ते सेमिनरीत बाकावर बसून शिकलो. बॅप्टिस्टा ते काम गिरणगावात करीत होते. गिरणीकामगार आणि टपालवाले त्यांस काका म्हणत. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईस अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस भरली, तिचे अध्यक्ष लाला लजपतराय आणि उपाध्यक्ष बॅप्टिस्टा. पुढील वर्षी कोळशाच्या खाणींच्या मुलखात, झरिया येथे, ते स्वतः अध्यक्ष झाले. १९२४ साली जिनेव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेस हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक निवर्तले, आणि देशाचे पुढारीपण गांधीजींकडे गेले. असहकाराचा मार्ग बॅप्टिस्टांस पटला नाही. कायदेमंडळात शिरून झगडावे, हेच त्यांचे मत राहिले. त्यामुळे राष्ट्रीय चळवळीत ते मागे पडले. आज कोणी त्यांस यासाठी भित्रे म्हणेल, तर त्याने १९०८ साल आठवावे. लोकांचा कल पाहून मत बदलणे त्यांस जमले नाही, एवढेच.

शहर मात्र त्यांस विसरले नाही. १९२५–२६ साली ते मुंबई कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. आज ज्यास महापौर म्हणतात तेच हे पद. मेयर ही पदवी नंतर आली. १८ सप्टेंबर १९३० रोजी त्यांस देवाज्ञा झाली. शिवडीच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे.

माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरील बागेस पुढे त्यांचे नाव देण्यात आले. त्या बागेखाली शहराच्या पाण्याचा मोठा साठा आहे. भाऊच्या धक्क्यावर उतरून डॉकयार्ड रोड स्टेशनाकडे जाणाऱ्यास ती बाग वाटेतच लागते. वर गेल्यास बंदर व गोद्या दिसतात.