ज्याँ-आतानाझ सिकार

ज्याँ-आतानाझ सिकार (इ.स. १८७२, मार्सेल - इ.स. १९२९, पॅरिस) हे फ्रेंच तंत्रिकातज्ज्ञ होते. कंबरदुखी व गृध्रसी (सायटिका) या विकारांवर मेरुनलिकेतील अधिदृढतानिका (एपिड्युरल) अवकाशात औषध टोचण्याच्या पद्धतीचे ते एक जनक मानले जातात.

शिक्षण व कारकीर्द

सिकार यांचे वैद्यकीय शिक्षण मार्सेल व पॅरिस येथे झाले. इ.स. १८९९ मध्ये त्यांनी जालतानिकेखालील इंजेक्शने व मस्तिष्कमेरुद्रव या विषयावर प्रबंध सादर केला. या द्रवातील पेशींच्या तपासणीवरून रोगनिदान करण्याच्या पद्धतीवर त्यांनी फेर्नां विदाल यांच्यासमवेत काम केले. पुढे ते पॅरिसच्या नेकर रुग्णालयात कार्यरत होते.

पाठदुखीवरील इंजेक्शने

इ.स. १८९८ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक आउगुस्ट बीअर यांनी मस्तिष्कमेरुद्रवात कोकेन टोचून शरीराचा खालचा भाग बधिर केला. मात्र दृढतानिकेला छिद्र पडून द्रव पाझरत असल्याने रुग्णांना तीव्र डोकेदुखी व उलट्यांचा त्रास होई. इ.स. १९०१ मध्ये सिकार यांनी वेगळा मार्ग सुचविला. त्रिकास्थीच्या खालच्या टोकाशी, माकडहाडाच्या वर असलेल्या छिद्रातून सुई घालून त्यांनी कोकेनचे सौम्य द्रावण दृढतानिकेच्या बाहेरच सोडले. दृढतानिकेची पिशवी त्रिकास्थीच्या वरच्या भागातच संपत असल्याने या मार्गात ती भेदली जाण्याचा धोका कमी असतो व औषध तंत्रिकामुळांपर्यंत पोहोचते. त्याच सुमारास फेर्नां कातलँ यांनीही स्वतंत्रपणे हाच मार्ग शोधला होता.

चेहऱ्यातील तीव्र तंत्रिकाशूलावर सिकार अल्कोहोलचे इंजेक्शन देत. त्यामुळे वेदनावाहक तंतू नष्ट होतात. पायाकडे जाणाऱ्या मोठ्या तंत्रिकेत मात्र संवेदी व प्रेरक असे दोन्ही तंतू असल्याने तेथे असे इंजेक्शन दिल्यास पाय लुळा पडू शकतो. म्हणजेच इंजेक्शनाची निवड औषधाइतकीच जागेवरही अवलंबून असते.

लिपिओडॉल

इ.स. १९२१ च्या सुमारास सिकार व त्यांचे सहकारी जाक फोरेस्तिये हे वेदनाशमनासाठी लिपिओडॉल हे आयोडीनयुक्त खसखशीचे तेल टोचत असत. हे तेल क्ष-किरणांना अपारदर्शक असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. मस्तिष्कमेरुद्रवापेक्षा जड असलेले हे तेल खाली उतरताना गाठीपाशी अडते. त्यावरून मेरुरज्जूवर दाब देणाऱ्या गाठीचे स्थान कळू लागले. मात्र हे तेल शरीरात फार मंद गतीने शोषले जाई व त्यामुळे जालतानिकेचा दाह होऊ शके. म्हणून पुढे त्याची जागा पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्यांनी घेतली.

वारसा

इ.स. १९५२ मध्ये इटलीतील रोबेक्की व काप्रा यांनी तंत्रिकामुळाजवळ हायड्रोकॉर्टिझोन दिल्याचे नोंदविले व कोकेनऐवजी स्टेरॉइडचा वापर रूढ होऊ लागला. सिकार यांचा त्रिकास्थीमार्ग, दोन मणक्यांमधील मार्ग आणि तंत्रिका बाहेर पडते त्या छिद्राजवळचा मार्ग असे तीन मार्ग आज प्रचलित आहेत. पहिल्यात औषध दूरवर पसरावे लागत असल्याने त्याचे प्रमाण अधिक लागते. तिसऱ्यात थोडे औषध नेमक्या मुळापाशी पोहोचते, पण जवळच्या रक्तवाहिनीत ते शिरल्यास मेरुरज्जूला गंभीर इजा होऊ शकते. गृध्रसीत या इंजेक्शनांनी मिळणारा दिलासा सामान्यतः अल्पकालीन असतो. विशिष्ट कारण नसलेल्या केवळ कंबरदुखीसाठी मेरुदंडातील इंजेक्शने देऊ नयेत, असे ब्रिटनच्या इ.स. २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत नमूद आहे.