पुस्तक ग्रेचं, चित्रं कार्टरची, खडे आपले

उन्हाळा लागला की धाराशिव असो, तुळजापूर असो की भूम-परंडा, ओळखीत मुतखड्याचा एक तरी पेशंट निघतोच. घाम जास्त, पोटात पाणी कमी. मग लघवी घट्ट होते, तिच्यातले क्षार विरघळून राहत नाहीत आणि खडा धरतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण हा खडा आतून कसा रचला जातो, हे दीडशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या एका इंग्रज डॉक्टरनं सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं होतं. त्याचं नाव हेन्री व्हँडाइक कार्टर.

नाव ऐकलं नसेल, पण त्याचं काम बहुतेक बघितलेलं असतं. मेडिकलला गेलेल्या कुठल्याही मित्राला 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' विचारा. ज्या पुस्तकाच्या नावावरून पुढं टीव्ही मालिकेचं नाव बेतलं, तेच हे. १८५८ साली निघालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीत ३६३ चित्रं होती आणि ती कार्टरच्या हातची होती. मजकूर हेन्री ग्रेचा. दोघांनी लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये मिळून शवविच्छेदन केलं. कार्टर तेव्हा पंचविशीत होता. चित्रकाराचा मुलगा, त्यामुळे हात घरातूनच तयार झालेला.

पण पुस्तक छापायला गेलं तेव्हा मुखपृष्ठामागच्या पानावर कार्टरचं नाव ग्रेच्या नावापेक्षा बारीक टाइपात टाकायला ग्रेनं सांगितलं. ग्रेला खपावर मानधन मिळणार होतं. कार्टरला मिळाले एकदाच १५० पौंड. पुस्तक बाजारात येण्याआधीच तो बोटीनं मुंबईला निघून आला होता.

इथं तो ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायला लागला. विषय होते शरीररचना आणि शरीरक्रिया. १८४५ साली सुरू झालेल्या या कॉलेजात इथलीच पोरं डॉक्टर होत होती. कॉलेजच्या संग्रहालयात रुग्णांच्या शरीरातून काढलेले खडे ठेवलेले होते. कार्टरनं ते एकेक करून तपासायला घेतले.

त्या काळी मुतखडा म्हणजे काय होतं, हे समजून घ्यायला हवं. एक्स-रेचा शोध लागला १८९५ मध्ये, म्हणजे किडनीतला खडा दिसायची सोयच नव्हती. डॉक्टरच्या हाती लागायचा तो मूत्राशयातला खडा. धातूची सळई आत सरकवून तो चाचपायचा आणि कापून काढायचा. क्लोरोफॉर्म आलं होतं, पण जखम चिघळून माणूस जायचा तो जायचाच. कापायचं कसं यावर डॉक्टर भांडत होते. कार्टरचा प्रश्न त्याच्याही आधीचा होता: खडा होतोच कशामुळे?

त्यानं खड्यांच्या चकत्या काढून त्या उजेड आरपार जाईल इतक्या पातळ घासल्या. मधोमध एक केंद्र, त्याभोवती थरावर थर. त्याला दिसलं, की खडा म्हणजे नुसते क्षार साचून झालेला दगड नाही. क्षारांच्या स्फटिकांबरोबर एक चिकट सेंद्रिय पदार्थही असतो, त्यात स्फटिकांचा नेहमीचा आकार बदलतो आणि ते एकमेकांना धरून बसतात. १८६३ ते १८७२ तो साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता. त्यानंतर लगेच, १८७३ मध्ये, खड्यांच्या सूक्ष्म रचनेवरचं त्याचं पुस्तक लंडनला छापलं गेलं. या पुस्तकावर नाव एकट्याचंच होतं.

पुढंही त्यानं धरले ते गरिबांचेच आजार. अनवाणी राबणाऱ्यांच्या पायात काटा मोडतो, बुरशी शिरते आणि पाय सुजून फुटतो. त्या रोगावर त्यानं पुस्तक लिहिलं. कुष्ठरोगासाठी थेट नॉर्वे गाठून हॅन्सनचं काम समजून घेतलं. १८७७ च्या दुष्काळात उपाशी माणसं मुंबईत आली आणि उलटून येणाऱ्या तापाची साथ पसरली, तेव्हा रुग्णांच्या रक्तातले जंतू त्यानं शोधले. तो ताप त्याला स्वतःलाही झाला.

१८८८ मध्ये तो निवृत्त होऊन इंग्लंडला परतला. ४ मे १८९७ रोजी स्कारबरो इथं क्षयानं गेला.

कार्टरवर अन्याय झाला, हे खरंच. पण गोष्ट तिथं थांबत नाही. लंडनमध्ये ज्या बेवारस गरिबांच्या देहांवरून त्यानं चित्रं काढली, त्यांची नावं कुठं आहेत? मुंबईत ज्यांचे खडे काचेखाली गेले, त्या आपल्या माणसांची? बारीक टाइपातसुद्धा नाहीत. ज्ञान उभं राहतं ते अशा कितीतरी जणांच्या दुखण्यावर.

आज दुर्बिणीनं, लेझरनं खडा फोडतात, दोन-तीन दिवसांत पेशंट घरी. निघालेला तुकडा तपासायला लॅबमध्ये जातो, कारण कशाचा आहे ते कळलं तर पुन्हा होऊ न देता येतं. प्रश्न कार्टरचाच आहे, यंत्रं तेवढी बदलली. सध्या फर्स्ट इयरला असणाऱ्यांनी पुढच्या वेळी हाडाचं ते जुनं रेखाचित्र उघडलं, की पानावर कोपऱ्यात छापलेली नावंही वाचावीत. आणि हो, बाटलीतलं पाणी संपवावं.